मैदान ओहोटीवर कशाला ठेवायचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या बंदरालगतच्या एका गावची सून. वय २७. माहेर रोह्याकडचं. तिकडे वाडीवाडीत कबड्डी, त्यामुळे मीही शाळेकडून राज्यापर्यंत खेळले. लग्नानंतर सुटलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या चार पोरी मागे लागल्या म्हणून पुळणीवर रेघा मारून सुरुवात केली. आता सहावी ते दहावीच्या चौदा जणी झाल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान रोज संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटला असतं, म्हणून आम्ही ओहोटी बघून खेळतो.

गणपतीत मुंबईकर आले तेव्हा मंडळाच्या बैठकीत आमचा विषय निघाला. एक काका म्हणाले, "आठवीनंतर मुलींनी चड्ड्या घालून सगळ्यांदेखत झोंबाझोंबी करणं बरं दिसत नाही." त्यानंतर तिघी यायच्या बंद झाल्या. त्यातल्या दोघी मोहल्ल्यातल्या. आणखी दोघी घरी "क्लासला जाते" सांगून येतात. मला ते माहीत आहे आणि मी गप्प आहे.

दरम्यान मुंबईची एक संस्था भेटून गेली. त्यांना परदेशातून निधी मिळतो. दोन वर्षं बूट, टी-शर्ट आणि मला दरमहा मानधन देतो म्हणतात. पण खेळ फुटबॉल हवा, दर सहा महिन्यांनी मुलींकडून सक्षमीकरणाची प्रश्नावली भरून घ्यायची आणि मुलींचे व्हिडिओ द्यायचे.

मिस्टर म्हणतात, गावाशी वाकडं कशाला? सासूबाई पाटी घेऊन बंदरावर जातात, त्या काहीच बोलत नाहीत. संस्थेला हो म्हणू का? मंडळाला काय सांगू? आणि खरं सांगा, या खेळण्यानं मुलींचं काही बदलतं का, की मी माझीच हौस भागवतेय?

– एक जुनी खेळाडू

---

तुला सरळ 'तू' म्हणते. रत्नागिरी जिल्ह्यात चौतीस वर्षं पीटीच्या बाई म्हणून काढली, कबड्डी खेळलेल्या मुलीला 'अहो-जाहो' करायला माझी जीभच वळत नाही.

शेवटचा प्रश्न आधी घेते, झोप त्यानंच उडवलेली दिसते. हौस भागवतेस का? भागवतेस की! हौस नसती तर घरचं सगळं उरकून, पंचांग बघून वाळूत रेघा मारायला कोण जातं? त्यात लाजायचं काही नाही. मुलींचं काही बदलतं का, हा वेगळा प्रश्न. त्याला झटक्यात 'हो' म्हणणाऱ्यांपासून जरा जपून राहा.

असे झटक्यात 'हो' म्हणणारे जगात पुष्कळ आहेत. महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, त्यात खेळाची समान संधी हा हक्क म्हणून आला. २००३ मध्ये आमसभेनं खेळ हे शिक्षणाचं, आरोग्याचं, विकासाचं आणि शांततेचं साधन असल्याचा ठराव केला. २००५ हे त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, २०१४ पासून ६ एप्रिल हा दिवस पाळतात, आणि २०१५ मध्ये ठरलेल्या शाश्वत विकासाच्या जाहीरनाम्यातही खेळ आणि महिलांचं सक्षमीकरण यांवर एक वाक्य आहे. अशा वाक्यांमागून पैसा आला, पैशामागून संस्था आल्या, आणि त्यांतली एक तुझ्या खळ्यात चहा पिऊन गेली. यात वाईट काही नाही. पण फ्रेड कोल्टर यांच्यासारखे या कामाचे अभ्यासक सतत बजावत आलेत की नुसता खेळ दिला म्हणून कुणी सक्षम होत नाही. कुणी खेळवलं, कसं खेळवलं आणि खेळाच्या आजूबाजूला काय घडलं, त्यावर सगळं असतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याकडे एक चढाईपटू होती, दुप्पट वजनाच्या मुलींना ओढत मध्यरेषेपर्यंत यायची. दहावीनंतर पुढे काय शिकायचं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. त्याच संघात एक मुलगी तीन वर्षं बाकावरच बसली. मी तिला गुणपत्रक लिहायला बसवलं होतं. तिथं पंचांशी, समोरच्या संघाच्या सरांशी, कधी माझ्याशीही तिची वादावादी व्हायची – "बाई, बोनस धरलेला नाही, मी लिहिलंय." आज ती बचत गटाचे हिशेब बघते आणि बँकेतले साहेब तिला टरकून असतात. पदकं पहिलीकडे आहेत.

केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी म्हणून भाग आहे. नारळाची झाडं, मासेमारी, आणि समुद्र म्हणशील तर आपल्याच पाण्याचा पलीकडचा काठ. तिथं २००१ पासून 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' नावाची संस्था मुलींचा फुटबॉल चालवते. मला त्यांचं खेळण्यापेक्षा दुसरंच आवडतं. तिथं पंच मुली, प्रशिक्षक मुली, प्रथमोपचाराची पेटी मुलींच्या हातात, सामने ठरवणाऱ्या समितीतही मुलीच. गोवंडीच्या शिवाजीनगरात मुलींसाठी कबड्डीचा असाच उपक्रम झाला, तिथंही वस्तीतल्याच तरुण मुलींना मार्गदर्शक केलं होतं. बाहेरून कुणी ताई येऊन शिकवून गेली, असं नाही.

तेव्हा तुझी शिट्टी सोड. हे तुला फार जड जाणार, मलाही गेलं होतं. दहावीच्या मुलीला पंच कर आणि तिनं चुकीचा निर्णय दिला तरी रेषेबाहेरून ओरडू नकोस. ज्या मुलीला घरात 'तू मध्ये बोलू नकोस' एवढंच ऐकायची सवय आहे, ती हात वर करून मैत्रिणीला 'बाद' म्हणते, मैत्रीण तणतणते, आणि तरीही ती हात खाली घेत नाही. एवढं घडलं की तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुला पुळणीवरच मिळेल. फक्की कोण मारणार, गुणपत्रक कोण लिहिणार, सरावाची वेळ काय, हेही त्यांनाच ठरवू दे. पाणी भरायची वेळ कुणाची कधी असते, कुणाला सुकट उचलायला जावं लागतं, हे त्यांना तुझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

आता ओहोटीचं.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी अडचण तू सर्वांत सहज लिहून टाकलीस – "आम्ही ओहोटी बघून खेळतो." अमावास्या-पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुळण लांबरुंद पडलेली असते. पण अष्टमीच्या आसपास त्याच वेळेला भरती, मग पंधरवड्यातले चार-पाच दिवस सराव नाही. उधाण आणि भांगाचं (मोठ्या आणि लहान भरतीचं) हे गणित तुझ्या सासूबाई झोपेतसुद्धा सांगतील. जून ते सप्टेंबर पुळणीवर उभंही राहवत नाही. थोडक्यात, मुलींच्या वाट्याला मुलांना नको असलेली जागा आलीय, तीसुद्धा चंद्र देईल तेव्हा. काकांच्या चड्डीवरच्या बोलण्यानं तू चिडलीस. मी असते तर यावर आधी चिडले असते.

शाळेचं मैदान मंडळाचं नाही, क्रिकेटवाल्या पोरांचं तर नाहीच. ते जिल्हा परिषदेच्या शाळेचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूणात निम्म्या महिला असाव्या लागतात. तुझ्या गावच्या समितीतल्या बायकांची नावं काढ. माझी पैज आहे, त्यांतल्या एकदोघी तरी तुझ्याच पोरींच्या आया, काकवा किंवा आत्या निघतील. त्यांच्यापर्यंत आधी तोंडी पोच, मग अर्ज दे. रोजचं मैदान मागू नकोस, ते कुणी देणार नाही आणि पोरांशी कायमचं वैर होईल. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेपाच ते पावणेसात, असे ठरलेले वार माग. बाकीचे दिवस क्रिकेटला. आणि अर्जात दुसरी ओळ लिही: त्या वेळात शाळेचं शौचालय उघडं हवं. शाळा सुटली की त्याला कुलूप लागतं. 'मुली मोठ्या झाल्या की येत नाहीत' असं जे आपण म्हणतो, त्यातल्या किती जणी निव्वळ या कुलपामुळं महिन्याचे चार दिवस आणि मग हळूहळू कायमच्या घरी बसतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. किल्ली कुणाकडे, हे ठरावात लिहून घे.

आतली कडी, बल्ब, पाण्याची टाकी यांसाठी ग्रामपंचायतीकडे जा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. अनेक गावांत त्यातून शिलाई यंत्रांपलीकडे काही सुचत नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, तिथं हा विषय ठेव. मंडळाच्या बैठकीत तुला पाहुणी म्हणून ऐकतील, महिला सभेत तू मतदार आहेस.

पावसात देवळाच्या सभामंडपात पायकाम घे, दम घे. आणि लावणीच्या दिवसांत सरळ सुट्टी दे. त्या वेळी आई चिखलात वाकलेली असताना पोरगी कबड्डीला गेली, तर काकांना काही बोलायची गरजच पडणार नाही.

काकांशी चड्डीवरून वाद घालू नकोस. महिला कबड्डी आशियाई खेळांत आली २०१० मध्ये. तेव्हाचं आणि २०१४ चं सुवर्ण आपलं. २०१८ ला जकार्तात अंतिम सामन्यात समोर इराण होता, त्यांच्या मुली डोकं झाकून, अंगभर कपड्यांत खेळत होत्या. त्यांनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. आणि त्यांच्या प्रशिक्षक कोण होत्या? शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या! त्या दिवशी हसावं की रडावं हे मला कळेना, शेवटी दोन्ही केलं. तेव्हा लेगिंग घालून पकड सुटत नाही. कुणाला ट्रॅक पँट हवी, कुणाला हाफ पँट, कुणाला ओढणी घट्ट बांधून खेळायचंय, ज्याचं त्याला ठरवू दे. फक्त टाचण्या नकोत, पिना नकोत, बांगड्या नकोत. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनंही २०१४ मध्ये डोकं झाकून खेळायला रीतसर परवानगी दिली, तेव्हा यावर जगानं आपला वाद बऱ्यापैकी मिटवलाय.

मोहल्ल्यातल्या त्या दोघींच्या घरी तू स्वतः जा. संस्थेच्या लोकांना बरोबर नेऊ नकोस, उगाच गाजावाजा होतो. आयांशी बोल. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी मुली घरात पोचतील एवढा शब्द दे आणि पाळ. वर पावणेसात लिहिलंय ते उन्हाळ्याचं, थंडीत दिवस मावळायच्या आधीच आवर. कोण जाणे, कपड्यांपेक्षा वेळेचीच अडचण असायची.

काकांचा 'झोंबाझोंबी' शब्द मात्र मी सोडला नसता. काका पन्नाशीपुढचे असतील तर बहुधा तरुणपणी स्वतःच हुतूतू खेळलेले असणार. गिरणगावातल्या मैदानांवर कबड्डी जगवली ती कोकणातून गेलेल्या आपल्याच चाकरमान्यांनी. त्यांना घरी जाऊन विचार, "काका, तुम्ही कुठल्या संघातून खेळायचात? कोपरारक्षक होता की चढाईला?" आणि मुलींना एक दिवस पकड शिकवायला बोलव. येतील किंवा येणार नाहीत. आले तर झोंबाझोंबीची पकड होते की नाही बघ. शिमग्याला किंवा पुढच्या गणपतीत मंडळाच्या स्पर्धेत मुलींचा सामना ठेवा म्हणाले तर हो म्हण, पण संगीत खुर्चीनंतर आणि आरतीआधी पंधरा मिनिटांत उरकायची गंमत म्हणून नको. पुरुषांच्या उपांत्य सामन्याआधी, रीतसर पंचांनिशी.

गडग्यावर बसून टोमणे मारणारी पोरं तुझ्या पत्रात नाहीत, पण ती असतातच. मुंबईत यावरही काम झालं. क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच तयार करून त्यांनी आपल्या मुलांशी बायका-मुलींशी कसं वागायचं ते बोलावं, असा 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रम चालला. तुझ्या गावच्या क्रिकेट संघाचा कप्तान कोण आहे ते बघ. मैदानाच्या वारांची वाटणी त्याच्याशी बसून कर, अर्ज गुपचूप देऊ नकोस.

आता ज्याबद्दल तू गप्प आहेस, ते.

मी एकदा खोटं बोलले. नववीतली मुलगी, माझी सगळ्यात चांगली खेळाडू, तिच्या वडिलांना मी निरोप धाडला की शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे, दोन दिवस लागतील. जिल्हा स्पर्धेला नेलं. आम्ही जिंकलो आणि स्थानिक वर्तमानपत्रात संघाचा फोटो आला. वडील माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मुलीचं नाव शाळेतूनच काढलं. कबड्डी गेली ती गेलीच, शिक्षणही गेलं. माझं काय झालं? काही नाही, मला मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. ती आता भेटते तेव्हा हसून बोलते, पण तो फोटो मी घरात कधी लावला नाही.

त्या दोघींना आधी विश्वासात घे. "मी तुमच्या घरी येणार आहे, तुमच्याआड नाही, तुमच्यासोबत," असं सांग. मग जा. यात एखादी काही दिवस बंद होईल हे धरून चाल. पण 'क्लास'ला गेलेल्या मुलीचा घोटा पुळणीवर मोडला तर त्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या बंद होतील. शिवाय मुलींनी घरात मोकळं बोलावं हे आपल्याला हवंय ना? मग आपल्याचसाठी त्यांना खोटं बोलायला कसं लावायचं?

आणि पालकांना नोकरीचं गाजर दाखवू नकोस. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, हे खरं. उस्मानाबादची (आताच्या धाराशिवची) सारिका काळे हलाखीतून वर आली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत देशाच्या खो-खो संघाची कर्णधार झाली, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असं हरवून आणला. ही नावं मुलींना जरूर सांग, त्यांच्या डोळ्यांत चमक येते. पण आईबापांना सांगताना एवढंच सांग की मुलगी वेळेवर आणि धडधाकट घरी येईल.

राहता राहिली संस्था. मी लगेच नाही म्हणणार नाही. दोन वर्षं का होईना, तुझ्या कष्टाला मोल मिळत असेल तर ते घ्यावं. आपल्याकडे बाईनं केलं की सेवा आणि बाप्यानं केलं की मानधन, असा रिवाज आहे, तो तू तरी पाळू नकोस. पण त्यांना बसवून काही गोष्टी विचार.

पहिलं फुटबॉलचं. परदेशातल्या देणगीदारांना तो खेळ समजतो, म्हणून पैसा तिकडे वाहतो. आज तू गुरू आहेस. उद्या फुटबॉल आला की तू शिकाऊ आणि शिकवायला त्यांचा माणूस. दुसरी बाजूही सांगते. दिल्लीत २००६ मध्ये नाझ फाउंडेशनच्या 'गोल' कार्यक्रमानं वस्तीतल्या मुलींसाठी नेटबॉल निवडला, आणि तो चालला. नव्या खेळावर मुलांनी आधीच कब्जा केलेला नसतो, हा त्याचा फायदा. तेव्हा हा निर्णय तूही घेऊ नकोस, मीही नाही. मुलींना चिठ्ठ्या टाकायला सांग. हात वर करायला लावलंस तर सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघतील. निकाल कबड्डीचा लागला आणि संस्था म्हणाली जमणार नाही, तर 'मुलींचं सक्षमीकरण' म्हणजे त्यांच्या लेखी काय, ते तुला फुकटात कळलं.

दुसरं पैशाचं. परदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे केंद्र सरकारची विदेशी देणगी नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला किंवा व्यक्तीला देणगी म्हणून वळवता येत नाही. म्हणून 'तुमच्या मंडळाच्या खात्यात टाकतो' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबव. खर्च त्यांनी स्वतः करायचा, तुझं मानधन कामाचा मोबदला म्हणून लेखी करारानं. टी-शर्टवर कुणाचं बोधचिन्ह आहे यापेक्षा दुसऱ्या गोष्टी माग: अंडी, गूळ-शेंगदाणे, केळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींत ५९ जणींना रक्तक्षय निघाला होता. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती पोरी खिडकीतून फेकतात की गिळतात तेही बघ. स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं माग. आणि दोन मोठ्या मुलींची आणि तुझी पंच परीक्षेची फी. दोन वर्षांनी संस्था जाईल, बूट फाटतील, पंचाचा दाखला राहील.

हो, आणि कागदपत्रं. झारखंडमध्ये रांचीजवळ 'युवा' नावाची संस्था मुलींचा फुटबॉल चालवते. त्यांच्या मुली २०१३ मध्ये स्पेनला खेळायला निघाल्या, तेव्हा पासपोर्टसाठी जन्मदाखले मिळवताना त्यांना झाडू मारायला लावलं गेलं, पैसे मागितले गेले. त्या गेल्या आणि तिसऱ्या येऊन परतल्या. तुझ्या मुलींना कुणी स्पेनला बोलावणार नाही, पण वयोगटाच्या स्पर्धेला दाखला लागतोच. आधारवरचं आणि शाळेतलं नाव, जन्मतारीख जुळते का, हे आत्ता बघून ठेव. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको.

व्हिडिओबद्दल मी कडक आहे. पालकांची लेखी संमती, मुलीची तोंडी, आणि तयार झालेला व्हिडिओ बाहेर जाण्याआधी मुलींनी बघायचा. 'पूर्वी बिचारी, आता वाघीण' असली गोष्ट कुणाचीही करायची नाही. तुमच्या पोरी बिचाऱ्या कधी नव्हत्या. त्यांना फक्त मैदान नव्हतं. प्रश्नावली भरू देत. 'तुला आत्मविश्वास वाटतो का, एक ते पाच' यावर सगळ्या पाचच लिहितील, कारण ताईला बरं वाटावं. तू आपली एक वही ठेव. नववीत गेल्यावर किती टिकल्या, पाळीच्या दिवसांत किती आल्या, किती सामन्यांत मुलगी पंच होती, शौचालय किती वेळा बंद सापडलं. सहा महिन्यांनी ती वही त्यांच्यापुढे ठेव.

शेवटचं, पण यावर तडजोड नाही. त्यांचा प्रशिक्षक येणार असेल तर मुलींसोबत तो कधीही एकटा नसेल, मुक्कामाच्या स्पर्धेला दोन बायका बरोबर असतील, आणि काही झालं तर तक्रार कुणाकडे, हे नावानिशी सांगितलं पाहिजे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, मैदानं आणि स्पर्धेची ठिकाणंही येतात, जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते. अठराच्या आतल्या मुलींसाठी २०१२ चा पोक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा, आहेच, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकीला पाठ हवा. २०२३ मध्ये देशासाठी पदकं आणलेल्या कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर बसावं लागलं. त्यांचं ऐकायला एवढं लागलं, तर सातवीतल्या पोरीचं कोण ऐकेल, हे आधी ठरवून ठेव. तुझ्याबद्दल तक्रार असेल तर तीही कुणाकडे, हे मुलींना माहीत हवं. वाईट वाटून घेऊ नकोस.

मिस्टरांची भीती मला समजते. गावात त्यांना राहायचंय, होडीवर उद्या चार हात लागणार आहेत. त्यांना वाद नकोय, म्हणून तुझा कार्यक्रम वादातून काढून ठरावात आण. कागद आला की नवरे बरेचसे शांत होतात, हा माझा अनुभव.

सासूबाई काही बोलत नाहीत असं तू दोनदा लिहिलंस (पत्र थोडं कापलंय, पण मूळ पत्रात दोनदा आहे). जी बाई हर्णैसारख्या बंदरावर लिलावात उभी राहून चार बाप्यांच्या आवाजावर आवाज चढवते, ती घरात गप्प असेल तर ती विरोधात आहे असं मी धरणार नाही. एकदा विचार तर खरं, लहानपणी त्या काय खेळायच्या. आणि अर्ज घेऊन समितीतल्या बायकांकडे जाशील तेव्हा त्यांना सोबत ने. त्या काही बोलल्या नाहीत तरी चालेल, नुसत्या ओटीवर बसल्या तरी पुरे.

शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते मुख्याध्यापकांना उद्याच विचार. अर्ज दोन प्रतींत कर, एकीवर तारखेसह पोच घे. सह्या मुलींच्याही असू देत, त्यांच्या पालकांखाली वेगळ्या ओळीत, पूर्ण नाव लिहून.